शिवऱ्याच्या सारिकाची सुरी

सारिका खुटवडला कौतुकाचा तिटकारा होता. कुणी रस्सा छान झालाय म्हटलं की ती भांडं उचलून आत निघून जायची. शिवऱ्यात हमरस्त्याला लागून तिची खानावळ, वर पत्रा आणि पुढं लाकडी बाकं. ट्रकवाल्यांना तिचा स्वभाव ठाऊक होता. ते जेवायचे, हात धुवायचे आणि वाटेला लागायचे. पुण्याहून महाबळेश्वराकडं निघालेली माणसं मात्र ताटाचे फोटो काढायची, "अगदी अस्सल चव" म्हणायची आणि निम्मा रस्सा तसाच टाकून जायची. त्यांच्याविषयीचं सारिकाचं मत चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ती सांगायची.

तिचं माहेर हिर्डोशीचं, वरंध घाटाकडचं. एसटी चुकली की चालायचं, आणि एसटी बहुतेक वेळा चुकायचीच. बाप कोंडिबा भात आणि नाचणी करायचा. पोरीनं भाताची लावणी नीट केली तर तो काही बोलत नसे. वाकडी केली तर उपटून पुन्हा लावायला सांगे. बाप गप्प आहे म्हणजे काम बरोबर झालंय, हे ती लहानपणीच शिकली. पुढं शाळेत बाईंनी सगळ्या वर्गाला "शाब्बास" म्हटलं, तेव्हा तिनं आजूबाजूला बघितलं. निम्म्या पोरांच्या पाट्या कोऱ्या होत्या. तेव्हापासून त्या शब्दाची किंमत तिच्या मनातनं उतरली ती कायमची.

लग्न होऊन ती शिवऱ्याला आली. नवरा गोरख टेम्पो चालवायचा. सासू फुलाबाईनं खानावळ चालवायला घेतली होती, ती सारिकानं नावारूपाला आणली. कोंबड्या ती स्वतः कापायची. त्यासाठी सासूच्या हातची एक जुनी सुरी होती. धार लावून लावून ती इतकी झिजली, की शेवटी नुसती पट्टी उरली आणि एक दिवस हाडावर मोडली.

तिथून कटकट सुरू झाली. भोरच्या बाजारातनं आणलेली सुरी आठवड्यात बोथट झाली. दुसरीची मूठ हातात आली आणि पातं कोंबडीत राहिलं. लोहाराकडं जावं, तर जो तो आता गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करत होता. एकानं मोबाईलवर मागवायचा सल्ला दिला. मागवलेल्या सुरीच्या पात्यावर वाघाचं चित्र होतं.

"वाघ हाय, पण दात न्हाईत," सारिका म्हणाली आणि ती सुरी सासूला भेंडी चिरायला दिली.

त्याच सुमाराला गोरखच्या टेम्पोच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटला. गोरख तो भंगारात टाकायला निघाला, तेव्हा सारिकानं हातातनं काढून घेतला.

"ह्याची म्या सुरी करनार."

गोरख हसला. "बायकांचं काम न्हाई ते."

"तुमचं तरी कुठं हाय? तुमाला टायर बदलायला मानूस लागतो."



त्यांची मुलगी प्रेरणा भोरच्या कॉलेजात शिकत होती. तिनं आईला मोबाईलवर एक ग्रुप शोधून दिला आणि स्वतःही त्यात शिरली. 'पोलादी हात' असं त्याचं नाव. हौसेनं घरी सुऱ्या करणारी माणसं त्यात होती. बरीचशी पुण्याची, वेल्ह्याकडं फार्महाऊस बांधून शनिवार-रविवार येणारी, आणि थोडीफार इथलीच. सारिका काही दिवस नुसती वाचत राहिली. एकेकाच्या सुऱ्या बघून तिला नवल वाटायचं. मुठीला हरणाच्या शिंगासारखं काहीतरी, पात्यावर लाटालाटांची नक्षी, खाली निळं मखमल. आणि सुऱ्यांना नावं होती. एकीचं नाव 'वादळ', एकीचं 'बिजली'.

"पोरांची नावं ठेवायला आत्या लागती. ह्यांच्या सुऱ्यांना कोन आत्या आली?" ती सासूला म्हणाली.

तरी त्यांनी लिहिलेलं तिनं वाचलं आणि जमेल तसं केलं. खानावळीच्या मागं खड्डा खणून भट्टी केली, चुलीला वारा घालायचा पंखा लावला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडनं पाटा कापून आणला. ऐरणीच्या जागी ट्रॅक्टरचा जुना लोखंडी ठोकळा. दुपारचे जेवणारे पांगले की ती हातोडा घेऊन बसायची. दंड भरून यायचे, हाताला फोड आले, पदराला ठिणगीची भोकं पडली. पातं लाल झाल्यावर तिनं ते तेलात बुडवलं, घासलं, आंब्याच्या लाकडाची मूठ बसवली, धार काढली. सुरी दिसायला सुरीसारखी झाली. तिला मनातून बरं वाटलं, पण ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी घेतली. मांस कापलं गेलं. मांडीच्या हाडावर सुरी टेकवली आणि जोर दिला, तर धारच मुडपली. केळीच्या पानाची कड मुडपावी तशी.

सारिकानं त्या मुडपलेल्या सुरीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पहिली सुरी. हाडावर वाकली. का?"

उत्तरांचा पाऊस पडला. "वा ताई!" "पहिल्याच प्रयत्नात एवढं!" "तुमची जिद्द बघून डोळे पाणावले." "स्त्रीशक्तीला सलाम." अंगठे, टाळ्या, आगीच्या ज्वाळांची चित्रं. एकानं लिहिलं, "निकालापेक्षा प्रवास महत्त्वाचा." का वाकली, हे एकानंही लिहिलं नाही.

सारिकानं मोबाईल पालथा ठेवला. "डोळं पानावलं म्हनं. कोंबडी कापायला डोळं काय कामाचं?"

तिच्या मनात आलं, ह्या लोकांना काहीही दाखवलं तरी हे असंच म्हणतील. खात्री करून घ्यायला तिनं अडगळीतनं मोडक्या खवणीचं गंजलेलं पातं काढलं, ज्यावर एके काळी नारळ खवत असत. त्याला फडकं गुंडाळलं, फोटो काढला आणि टाकला. "दुसरी सुरी."

पुन्हा तेच. "काय प्रगती आहे!" "हा रांगडेपणा मुद्दाम ठेवलाय ना? अप्रतिम." एकानं तर विचारलं, गंजाचा हा रंग कसा साधला.

सारिका हसली नाही. तिला त्या माणसांची शिसारी आली. वाईटाला वाईट म्हणण्याइतकीही जी माणसं दुसऱ्याला किंमत देत नाहीत, त्यांचं गोड बोलणं तिला थुंकीसारखं वाटलं. ती ग्रुप सोडणार, तेवढ्यात फोन वाजला.

"सारिकाताई का? म्या बुद्धभूषण, वेल्ह्यातनं. माझं फॅब्रिकेशनचं दुकान हाय. ती खवनी हाय न्हवं?"

"व्हय," सारिका म्हणाली. "तुमी एकलेच डोळं उघडं ठिवून हाय वाटतं. पन पहिल्या सुरीला तुमीबी अंगठा दिलता. म्या बघितलं."

"दिलता. सुरीला न्हवता, तुमाला दिलता. लोखंड तापवायला बसलेल्या बाईमानसाला पहिल्याच दिवशी वाईट कसं म्हनायचं?"

"म्या काय पोरगी हाय व्हय, रडायला? वाकली ती वाकली. का वाकली ते सांगा."

बुद्धभूषणनं दुकानातलं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "फोनवर न्हाई सांगता येत. ह्या रविवारी सगळी हितं जमनार हायेत. सुरी घिऊन या. मोडून बघू."

मोडून बघू, हे शब्द ऐकून सारिकाला त्या ग्रुपात पहिल्यांदा कुणाबद्दल तरी बरं वाटलं.

रविवारी गोरखनं तिला टेम्पोनं नसरापुरावरनं वेल्ह्याला नेलं. मेळावा एका फार्महाऊसवर होता. समोर तोरणा, अंगणात हिरवळ, हिरवळीवर टेबलं आणि टेबलांवर मखमलीवर निजवलेल्या सुऱ्या. माणसं कातड्याचे एप्रन गळ्यात घालून हिंडत होती. एप्रनांवर एकही डाग नव्हता. एका कोपऱ्यात जाळीवर कोंबडी भाजणं चाललं होतं. सारिकानं वाकून बघितलं. दुकानातनं कापून, पिशवीत भरून आणलेले तुकडे होते.

"एवढ्या सुऱ्या हितं," ती गोरखला म्हणाली, "आन् कोंबडी कापून आनली दुसऱ्याकडनं."

'बिजली' ज्या टेबलावर होती तिथं स्नेहल नावाची बाई उभी होती. पुण्याची, केस आखूड, बोटात चांदीच्या अंगठ्या. फार्महाऊस तिचंच. सारिकानं 'बिजली' उचलली. हातात छान बसत होती, हे तिला कबूल करावं लागलं, मनातल्या मनात.

"हिनं काय कापलंय आजवर?"

"कागद," स्नेहल म्हणाली. "धार बघायला कागद कापतात."

"तुमाकडं कागद लई असत्यात का कापायला?"

आजूबाजूची माणसं ओशाळं हसली. एक टक्कलवाले गृहस्थ घाईनं म्हणाले, "ताईंची सुरी बघा ना, काय सुंदर ओबडधोबड आहे!" सारिकानं त्यांच्याकडं असं बघितलं, की ते कोंबडीची जाळी बघायला निघून गेले.

बुद्धभूषणनं तिची सुरी शिकंज्यात पकडली आणि पक्कडीनं पातं ओढलं. पातं निमूट वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

"पोलाद कडक झालंच न्हाई," तो म्हणाला. "तापवताना आच कमी पडली. पुढचं स्नेहलताई सांगतील. त्यातलं त्यास्नी माझ्यापरीस जास्त कळतं."

सारिकाला हे आवडलं नाही. ज्या बाईची तिनं आताच चार माणसांत जिरवली होती, तिच्याकडनं शिकायचं. पण वाकलेली सुरी समोर होती, आणि स्नेहलनं तोपर्यंत भट्टी पेटवलीही होती. सांडशीत धरून तिनं तसल्याच एका पाट्याचा तुकडा आत घातला.

"तुम्ही लाल झाल्यावर काढलंत ना?"

"व्हय. लाल म्हनूनच लिवलं हुतं तुमी लोकांनी."

"लाल पुष्कळ प्रकारचा असतो. आम्ही अर्धवट लिहितो, ती आमची चूक." स्नेहलनं तुकडा बाहेर काढून चुंबक जवळ नेलं. चुंबक चिकटलं. "हे अजून कच्चं. चिकटायचं थांबलं की त्यानंतर थोडं आणखी तापवायचं, मग तेलात. आणि तेवढ्यानं भागत नाही. नंतर हलक्या आचेवर पुन्हा शेकायचं. नाहीतर काचेसारखं तडकतं."

"तुमाला हे कुनी शिकवलं?"

"कुणी नाही. माझी पहिली पाती त्या विहिरीत आहेत. रागानं फेकलेली."

सारिकानं विहिरीकडं बघितलं. बाई खोटं बोलत नव्हती. मग तिनं पदर खोचला आणि हातोडा मागितला. दुपारभर ती भट्टीपाशी होती. स्नेहलनं तिला दोनदा थांबवलं. एकदा "चुकतंय," म्हणून आणि एकदा "फार जोरात मारताय, कोपऱ्यावर मारा," म्हणून. दोन्ही वेळा सारिकानं निमूट ऐकलं. मागं उभी राहिलेली माणसं "वा, वा" करत होती. "गप ऱ्हावा जरा," ती मान न वळवता म्हणाली. 

सुरी तिनं घरी येऊन पुरी केली. जाडसर, काळपट, मूठ बाभळीची. मंगळवारी तिनं कोंबडीच्या मांडीच्या हाडावर जोर दिला. हाड तुटलं. धारेवर बोट फिरवून तिनं बघितलं, धार जागेवर होती. तिनं फुलाबाईला हाक मारली नाही, गोरखलाही नाही. पुढची कोंबडी घेतली.

प्रेरणानं न सांगता त्या सुरीचा फोटो ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा ढीग पडला. टक्कलवाल्या गृहस्थांनी विचारलं, "ताई, सुरीचं नाव काय ठेवलंत?"

सारिकानं मुलीकडनं आपला मोबाईल घेतला आणि स्वतः एकेक अक्षर शोधत लिहिलं, "म्या कोंबडीलाबी नाव ठेवत न्हाई." मग तिनं ग्रुप सोडला. बुद्धभूषणचा आणि स्नेहलचा नंबर तेवढा ठेवला.

ग्रुपवर म्हणे बराच वेळ हळहळ चालली होती. ताईंचा गैरसमज झाला, कुणी त्यांना समजावा, वगैरे. प्रेरणानं ते वाचून दाखवलं तेव्हा सारिका कांदा चिरत होती. "त्यास्नी म्हनावं, गैरसमज न्हाई. बराबर समज हाय."

भात कापणीच्या दिवसांत एकदा दुपारी खानावळीपुढं गाडी थांबली. स्नेहल उतरली. ती जेवायला बसली नाही, सरळ आत आली आणि सुरी मागितली. सारिकानं हात पुसून दिली. स्नेहलनं ती उजेडात धरली, पातं वाकवायचा प्रयत्न केला, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली. मग मूठ मुठीत घेऊन दोन-तीनदा वर-खाली केली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"पातं ठीक आहे. मूठ वाईट आहे. फार जाड. तासभर कापलं की तुमचा अंगठा दुखत असणार."

अंगठा दुखायचाच. सारिकानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मूठ घासायला कानस हाय का गाडीत?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग आना. आन् आदी जेवा. भाकरी गरम हाय."