लांबून वळणारी होडी

देवराव ओल्या कपड्यांनी अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा मी सायंसंध्येला बसलो होतो. "दादा पाण्यात गेला, महाराज," एवढेच तो बोलला. वावटळीत होडी उलटली होती. होडी सापडली, त्याचा थोरला भाऊ सखाराम सापडला नाही.

मोताळ्याकडच्या आमच्या धरणात, पाण्याने वेढलेल्या टेकडीवर महादेवाचे देऊळ उरले आहे. दर सोमवारी मला तेथे पूजेला नेणे हे सखारामने व्रत मानले होते. जाताना तो पाण्यात गळ टाकीत नसे. परतताना मात्र होडीच्या मागे आडवा बांबू बांधून त्यावरून पुष्कळ दोऱ्या सोडी... कडेच्या लांब आणि हलक्या, मधल्या आखूड आणि शिशाने जड. प्रत्येक दोरी आपल्या खोलीतून चाले, दुसरीला शिवत नसे. "तुमी समोर पाहा महाराज, मांगचं पाप माहं," असे म्हणून तो हसे. वल्ही देवरावकडे असत. त्याने होडी झटकन वळवली की साऱ्या दोऱ्यांचा गुंता होई, आणि सखारामचे ठरलेले बोलणे कानी येई, "का बे, वखर वळवून राह्यला का? लांबून घे."

शोधासाठी टाकलेली जाळी तळाच्या बुडालेल्या बाभळींत अडकून फाटली. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याची शास्त्रात सोय आहे, असे मी सखारामच्या पत्नीला, शांताबाईला, सांगितले. तिने खाली मान घालून ऐकून घेतले. मग म्हणाली, "पानाचा माणूस मले नको, महाराज. त्यायले काढा."

जाळे अडकते तेथून दोरी निसटेल, म्हणून देवरावने भावाचा बांबू बांधला, गळ तळाशी पोचावेत म्हणून दोऱ्यांना जास्तीचे शिसे लावले. पहिल्याच फेरीत तो सवयीने आखूड वळला आणि दोऱ्या गुंतल्या. काठावर बसून दीर-भावजयीने त्या गाठी सोडवल्या. नंतर शांताबाई स्वतः होडीत बसली. प्रत्येक वळणाला तिचा आवाज काठापर्यंत येई, "लांबून, भाऊजी... लांबून." तिसऱ्या प्रहरी मधली दोरी ताणली गेली. गळ सदऱ्याच्या खांद्यात रुतला होता. त्याच काठावर मी मंत्र म्हटले, देवरावने अग्नी दिला.

तेराव्यानंतरच्या सोमवारी देवराव मला देवळात न्यायला आला. परतताना दोऱ्या घरी खुंटीवर होत्या, बांबूही आणलेला नव्हता. मी सवयीने समोर पाहत बसलो. काठ जवळ आला... मागे पाण्यात काहीही नव्हते, तरी देवरावने होडी हळूहळू, लांबून वळवली.