थांबवायचा हक्क

दोन संस्था मिळून काही करायला निघाल्या की त्यांच्या मधे खुर्ची टाकून बसायचं, हे ताईंचं काम. पूर्वी त्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर होत्या. गोड बोलणं आणि खरं बोलणं वेगळं कसं करायचं ते तिथेच शिकले, असं हसत सांगत.

या वेळी एका बाजूला कर्णबधिर मुलांची शाळा, दुसऱ्या बाजूला पोहण्याचा क्लब. मुलांना खोल पाण्यात न्यायचं का, हे दोघांनी मिळून ठरवायचं होतं. पालकांच्या वतीने वर्गातल्या सगळ्यात धाकट्या मुलीची आई आली होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आमचा शाळेवर पूर्ण विश्वास आहे," प्रशिक्षक म्हणाले.

"आमचाही क्लबवर," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"वा! मग वर्ग थांबवायचा हक्क एकमेकांना देऊन टाका," ताई म्हणाल्या. "समोरच्याने हात वर केला की थांबायचं. का, ते नंतर विचारायचं."

"माझ्याच तलावात मला थांबवणार?" प्रशिक्षक उसळले.

"पूर्ण विश्वास कुठे गेला मघाचा? पोहायला?"

उथळ पाण्यात तालीम झाली. बाईंनी हात वर केला, तर प्रशिक्षकांनी आधी विचारलं, "काय झालं?" प्रशिक्षकांनी हात वर केला, तेव्हा बाई मुलांना खुणांनी समजावत होत्या. "एवढं संपवते," म्हणाल्या.

"दोघंही नापास," ताई म्हणाल्या. "खोल पाणी राहू द्या."

धाकटी घरी गाल फुगवून बसली. आईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही.

तालमी होत राहिल्या. ताई काठावर पाण्यात पाय सोडून बसत. कोणावर चिडल्या नाहीत, पण कोणाला सवलतही दिली नाही. हळूहळू प्रशिक्षकांचं 'काय झालं' गळून पडलं. बाई वाक्य अर्ध्यावर सोडू लागल्या. तेव्हा कुठे ताईंनी होकार दिला.

"मलाही हात वर करता येईल?" आईने चाचरत विचारलं.

"येईल की. पण पुन्हा सुरू करा, हेही तुम्हीच सांगायचं. जमेल?"

"हो," आई म्हणाली, स्वतःलाच न पटल्यासारखी.

धाकटी खोल पाण्यात उतरली, तिचं डोकं बुडालं आणि आईचा हात वर गेला. प्रशिक्षक जागच्या जागी थांबले. बाईंनी खूण केली, मुलं काठाला लागली. काहीच झालं नव्हतं. तरी 'का' असं कोणी विचारलं नाही. धाकटी तेवढी डोळे वटारून बघत होती.

आईने प्रशिक्षक, बाई आणि ताई, तिघांकडे एकेक करून पाहिलं. मग हात खाली घेतला.

"चालू द्या," ती म्हणाली.