न उडणारा जांभळा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या बाटल्यांतला रंग उडायची वाट पाहत थांबलं होतं. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण खरंच तसं होतं. आई गावी, बेलापूरला एकटी, मी तिची एकुलती लेक, आणि मी कर्जतच्या कॉलेजात, झाडापाल्याचा रंग उन्हात किती टिकतो याच्या पीएचडीच्या प्रयोगाला जखडलेली.

चूक माझीच. आधी बीटचा रस घेतला होता, तो आठवड्यात पिवळा पडला. सर म्हणाले, "जरा टिकणारा रंग शोधा." मी मोठ्या तोऱ्यात व्हरांड्यातल्या, जुन्या पेंटच्या डब्यात लावलेल्या जांभळ्या झाडाची पानं खुडली, त्यांचा रंग काढला आणि बाटल्या खिडकीत उन्हाला ठेवल्या. महिन्याभरात निम्मा उडेल, असा माझा अंदाज. सरांचा नियम असा, की निम्मा उडेपर्यंत रोज अकराला, रविवारीसुद्धा, माझ्याच हाताने मोजायचा. एक खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

चार महिने झाले, रंग हलेना. कारण मला पाठ होतं. साध्या जांभळ्या रंगाच्या रेणूला पाणी जाऊन चिकटतं आणि तो फिका पडतो. या पानात मात्र रेणूला साखरेच्या आधाराने आम्लाचे चपटे तुकडे जोडलेले असतात. ते गोधडीसारखे त्याच्यावर दुमडतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात वाचलं असतं तर मी कौतुक केलं असतं. तेव्हा मला त्या पानांचा नुसता संताप यायचा.

"बसलं की उठवत न्हाई गं आता," आई फोनवर म्हणाली. "पन तू तुझं उरक. डॉक्टर थांबत्यात."

त्यानंतर आठवड्याने मी उरलेल्या रंगात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला. क्षणात पाणी. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. बाटल्यांत थेंब थेंब टाकला असता, तर दुपारच्या एसटीत बसता आलं असतं. हात ड्रॉपरपर्यंत गेलाही. मग स्वतःवरच चिडून मी ड्रॉपर धुऊन टाकला आणि वहीत खरा आकडा लिहिला. तो कालच्याइतकाच होता.

तेवढ्यात आईच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. "ऑपरेशन झालं बरं का, कालच. आई बोलत्यात आता. तुमचा खाडा व्हईल म्हनून कळवू नको म्हनल्या. कागदावर सही घरच्याची लागती म्हनले, मग मीच केली. लेक म्हनून."