रोह्याच्या फोनवाल्या बाई

‘गाडी निघाली आहे’ हे आमच्या कामात, गाडी नसली तरी, कुणीही सहज बोलून जातं. बाई कधी बोलल्या नाहीत. गाडी नसेल तर सरळ सांगत, “गाडी नाय दादा. माझी वाट बघू नको, गावात काय मिळतंय ते काढ.” रोह्याच्या आमच्या केंद्रावर एक बंब आणि एक रुग्णवाहिका. आग लागो की कुणी पडो, फोन बाईंकडेच यायचा. कुठली गाडी कुठे धाडायची तेही त्याच ठरवायच्या. मी रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर.

लोक त्यांना शिव्या घालत. त्या ऐकून घेत आणि विचारत, “ते राहू दे. पेशंट श्वास घेतोय ना?” मी एकदा म्हटलं, “बाई, निघालीय म्हणून सांगावं, तेवढाच धीर.” त्या म्हणाल्या, “धीर देशील रे. पण तो वाट बघत ओटीवर बसून राहील, त्याचं काय?” आणि टेबलावर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. पेणकडच्या मिठागरात उन्हात राबून मोठी झालेली ही बाई, पण मी त्यांना पाहिलं ते दमलेलंच.

एका पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला आणि पेशंट सोडून परतताना मी नागोठण्यापलीकडे अडकलो. त्याच दुपारी निडीहून एकाचा फोन आला. बायकोला कळा सुरू झालेल्या, मूल आडवं. बाईंनी सांगितलं, “गाडी पाण्यापल्याड हाय. ट्रॅक्टर बघ.” तो भडकला. तरी ट्रॅक्टर मिळेपर्यंत बाईंनी त्याचा फोन सोडला नाही. बायको वाचली. मूल गेलं.

काही दिवसांनी तो केंद्रावर आला. टेबलावर हात आपटत म्हणाला, “तुमची गाडी आली असती तर माझं पोर जगलं असतं!” मी मध्ये पडणार, तोच बाईंनी मला गप्प केलं. त्याला खुर्ची दिली. “व्हय, जगलं असतं कदाचित. बोल तू.” तो बोलला, रडला, पाणी पिऊन निघून गेला.

मी म्हटलं, “तुम्ही खरं सांगितलंत म्हणून बायको तरी वाचली. तेवढं सांगायचंत ना त्याला!”

“कशाला? वरच्या साहेबांकडे दुसरी गाडी मागून मागून माझं तोंड दुखलं, कोणी ऐकलं? त्याचं तरी कोणी ऐकू दे.”

पावसाळा सरता सरता त्यांनी नोकरी सोडली. “घरी पण फोन वाजला की दचकून उठते रे. झोप नाय लागत,” एवढंच म्हणाल्या.

आता त्या कासूला लेकीकडे असतात. पेणहून रिकामी गाडी घेऊन परतताना मी कधीमधी थांबतो. केंद्राचं त्या काही विचारत नाहीत. भात-कालवण वाढतात, “सावकाश जेव” म्हणतात आणि भिंतीला टेकून बसतात. परवा तिथेच त्यांचा डोळा लागला. मी अर्ध्या जेवणावर होतो, तेवढ्यात खिशातला फोन मोठ्यानं वाजला, केंद्राचा. बाई हलल्यासुद्धा नाहीत. मला फार बरं वाटलं. ताट हळूच सरकवून, चपला हातात घेऊन मी गाडीकडे गेलो.