कुलूप ओढून बघणाऱ्या महादेवीताई

महादेवीताई बिराजदार यांचा स्वतःखेरीज कुणावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर स्वतःवरही बेताचाच होता. औशातल्या घराला कुलूप लावलं की त्या ते ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. शेजारीण दारातूनच सांगे, "ताई, लागलंय." तरी ओढल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. त्यापायी कित्येक बसगाड्या त्यांना न घेताच लातूरला गेल्या.

लातुरात त्या एका खासगी क्लासच्या ऑफिसात होत्या. सराव परीक्षांचे पेपर नेटवर्कवर 'गोपनीय' नावाच्या फोल्डरमध्ये असत आणि ते सांभाळायचं काम ताईंचं. फोल्डर उघडायचा तो फक्त पेपर छापायच्या दिवशी, संचालक वीरेश सरांना विचारून. पासवर्ड सरांकडे, ताईंकडे आणि पेपर काढणाऱ्या शिक्षकांकडे होता. शिक्षकांकडे आहे हेच ताईंना खुपायचं. त्यात देगलूरहून आलेले फिजिक्सचे मल्लेश सर घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलायचे. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो माणूस सरळ कसा असेल, असा ताईंचा रोखठोक न्याय.

अशात बोभाटा झाला की कुठल्याशा क्लासचा पेपर परीक्षेआधीच झेरॉक्सच्या दुकानात निघाला. खरं-खोटं देव जाणे, पण ताईंनी लगेच सरांचे कान भरले. सरांनी नांदेडहून गंधार नावाचा कॉम्प्युटरवाला बोलावला. फोल्डर कुणी आणि कधी उघडला याची आपोआप नोंद व्हावी, आणि दर सोमवारी ती सरांना मिळावी, अशी सोय त्याने करून दिली. ताई इतक्या खूश झाल्या की स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी त्याला वाढली. डब्यातलं वाढणं हे ताईंच्या बाबतीत फारच झालं.

सोमवारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. मल्लेश सरांचा चेहरा पडताना नीट दिसावा म्हणून ताई मुद्दाम त्यांच्यासमोर बसल्या. वीरेश सर नोंद वाचू लागले. सकाळी, महादेवी बिराजदार. जेवणाआधी, महादेवी बिराजदार. जेवणानंतर, महादेवी बिराजदार. संध्याकाळी निघताना तर लागोपाठ. आठवडाभर दुसरं नावच नाही, आणि त्या आठवड्यात छपाईही नव्हती.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती चोर म्हणून जाईल, या विचाराने त्यांना रडू फुटलं.

"मी बंद हाय का न्हाई ते बघून राहिले होते, सर," त्या कशाबशा म्हणाल्या. "उघडल्याबिगर कसं कळंल?"

सरांना ते पटलं नाही. कुणाला पटेल? तेव्हा मल्लेश सर उठले.

"ताई खरं बोलून राहिल्यात, सर. रोज सांजच्याला स्टँडवरून माघारी येतात आन आपलं शटर ओढून बघतात. मी समोरच चहा पीत असतो."

मल्लेश सर मराठी इतकं छान बोलतात, हे ताईंच्या त्या दिवशी पहिल्यांदाच लक्षात आलं.

नोकरी वाचली. पण सरांनी पासवर्ड बदलला आणि तो फक्त स्वतःकडेच ठेवला. ते ताईंच्या फार जिव्हारी लागलं. ज्या घरात आपण राखणदार, तिथेच आपल्याला दाराबाहेर उभं केलं, असं त्यांना वाटत राहिलं. डबा निम्मा तसाच परत जाऊ लागला.

पुढच्या सोमवारी सरांनी त्यांना एकट्यांनाच केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. आठवडाभर एकच नाव, वीरेश. सकाळी वीरेश, जेवताना वीरेश, रविवारी घरूनसुद्धा वीरेश.

"तुम्हीच सांभाळा, ताई," सर खाली बघत म्हणाले. "माझ्यानं न्हाई होत. पण उघडून बघायचं न्हाई."

ताई "हाव" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी मन घट्ट करून फोल्डरला हात न लावता कॉम्प्युटर बंद केला आणि जिना उतरल्या. पण खालच्या पायरीवर राहवेना, म्हणून पुन्हा वर आल्या. बघतात तर सर त्यांच्या टेबलाशी वाकून कॉम्प्युटर चालू करत होते.

ताई दारातूनच म्हणाल्या, "सर, लागलंय."

आणि शटर सरांवर सोपवून त्यांनी औशाची बस गाठली.