डावी बाजू आधी करपते

नणंदेचं पुस्तक टपालाने आलं ते दुपारी. गुळगुळीत कागद, कव्हरवर खरपूस पाव, आत नणंदेचा फोटो आणि तिच्या अंगात एकही डाग नसलेला एप्रन. वहिनीने चहा बाजूला सारून पुस्तक वाचायला घेतलं, म्हणजे खरं सांगायचं तर चुका काढायला घेतलं. गेली अकरा वर्षं ती घरच्या ओव्हनमध्ये तिखटामिठाचंच भाजत होती: पाव, पालकाचे पफ, मिरीची बिस्किटं. केकबिकच्या वाटेला ती कधी गेली नाही. साखर घातली की कुणालाही जमतं, असं तिचं ठाम मत.

पहिली वीस पानं तिने नाक मुरडण्यात घालवली. अर्धा किलो मैद्याला एक लहान चमचा मीठ? ही काय आजाऱ्याचा पाव करते? पीठ प्रेमाने मळा म्हणे. प्रेमाने म्हणजे किती मिनिटं, ते सांग ना बाई.

मग चौतिसावं पान आलं. कांदा आणि चीजचा पाव. ओव्हन दोनशे चाळीसवर, आणि खाली सूचना: डावी बाजू आधी करपते, अर्ध्यात ट्रे फिरवा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाची डावी बाजू? जगातल्या सगळ्या ओव्हनांची डावी बाजू करपते होय? करपते ती वहिनीच्या ओव्हनची. त्याचा आकडाही खोटा, दोनशे चाळीसवर लावावा तेव्हा कुठे दोनशेची धग मिळते. हे तिने आपल्या कच्च्या वहीत टिपून ठेवलं होतं आणि त्या बयेने डोळे झाकून उतरवलं होतं. पुढची नऊ पानंही त्याच वहीतली. पक्की वही वहिनी रोज दुपारी लिहीत होती, कुणाला न सांगता, छापायला द्यायची म्हणून. फक्त प्रस्तावना राहिली होती.

नवरा कामावरून येऊन बूट काढत बसला, तेव्हा तिने ते पान उघडून पुस्तक त्याच्या मांडीवर आपटलं.

"माझी वही हिला कुणी दिली?"

"मीच दिली," तो म्हणाला. "मागे आली होती तेव्हा तिने फोटो काढले. घरातलंच माणूस, त्यात काय एवढं?"

"काय एवढं? हा पाव वीस वेळा फेकून दिलाय मी. हात भाजले ते माझे."

"अगं, पण वही कपाटात धूळच खात होती. तुला सगळं तोंडपाठ आहे. तुला थोडंच पुस्तक काढायचं होतं?"

तो हे अगदी सरळ मनाने विचारत होता, आणि तेच तिला सोसेना. भांडायला आलेला माणूस परवडला. तुमची बहीण, तुमचं खानदान, सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही.

"काढायचं होतं," ती म्हणाली.

त्याने हातातला बूट खाली ठेवला. "मग काढ की. कोण नको म्हणतंय?"

"आता काढलं, तर लोक म्हणतील नणंदेचं चोरलं."