बिनटक्क्याचे डॉक्टर

बारामतीचे आमचे हृदयाचे डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्याआधी त्याची नखं पाहत. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, की कधीकधी नखांखाली कुसळासारख्या बारीक तांबड्या रेघा उमटतात. मग ते म्हणत, "हसा बघू. आता दोन्ही हात वर." झडपेवर साठलेल्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, म्हणून ही रोजची परीक्षा.

मुलांनो, तुमच्या आजोबांचा ताप हटेना, तेव्हा पिंपळीहून त्यांना तिथं दाखल केलं. आजोबा कुरकुरत, "रोज हसायला तुमी काय तमाशा दावताय व्हय, डॉक्टर?"

"आबा, तुम्ही हसलात की मगच मला चहा गोड लागतो."

नातेवाइकांचा प्रश्न मात्र एकच असे, "किती टक्के चान्स हाय?" त्यावर डॉक्टर म्हणत, "टक्के साखर कारखान्यात विचारा, उसाच्या उताऱ्याचे." म्हणून गावात त्यांचं नाव पडलं बिनटक्क्याचे डॉक्टर. वय, मधुमेह, गाठीची लांबी यांवरून अंदाज बांधता येतो, असं मी वाचलं होतं. मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

"मीही सांगायचो, काकू. डाळजची एक सून होती, हाच आजार. ऑपरेशन केलं तर वाचायची शक्यता तीस टक्के, म्हणालो. सासरा म्हणाला, 'म्हंजी गेलीच की. आपल्या उंबऱ्यात जाऊ द्या तिला.' सलाइन काढून घरी नेली. तिनं उन्हाळा काढला. पावसाळ्यात म्हातारा हात जोडून आला, 'अजून हाय ती. आता आणू का?' आणली तेव्हा हृदय पार थकलं होतं; वाचली नाही. आकडा बरोबर होता माझा. त्या आकड्यानंच तिला घरी नेलं."

डॉक्टरांचं घर पुण्यात, आणि आठवड्यातून एकदा ते इंदापूरलाही रुग्ण तपासायला जात; पुण्याहून इंदापूरला जाताना ते सोलापूरचा सरळ हायवे सोडून बारामतीवरून वळसा का घालतात, ते मला तेव्हा कळलं. डाळज हायवेवर आहे.

आजोबांना ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं ठरलं. निघायच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "आबा, हसा." अर्धंच तोंड हसलं.

गाठीचा तुकडा मेंदूत जाऊन तिथं रक्तस्राव झाला होता. अशा वेळी हृदयाला हात लावता येत नाही, म्हणून ऑपरेशन राहिलं. भावकी जमली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जिवाचं हाल कशाला? दादाला घरी न्हेऊ." गाडी खाली येऊन उभी राहिली. डॉक्टर खोलीच्या दारात आडवे उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. "वाचतील असं मी म्हणत नाही, काकू. पण नेऊ नका."

मी गाडी परत पाठवली.

आजोबा वाचले. इंजेक्शनांनी ताप उतरला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. व्हिडिओ कॉलवर नुसता डावा हात हलवणारे आजोबा तुम्हाला आठवतात, ते त्यानंतरचे. इंदापूरहून परतताना डॉक्टर पिंपळीत थांबत, त्यांच्याशेजारी बसत. आजोबा त्यांच्याकडे टक लावून पाहत. त्या नजरेत उपकाराची जाणीव होती की राग, मला आजही सांगता येत नाही.

आजोबा गेल्यावर डॉक्टर भेटायला आले. म्हणाले, "काकू, तेव्हा मी अडवलं. चुकलं का माझं?"

मी म्हणाले, "ऊन फिरेल तशी त्यांची खुर्ची अंगणात सरकवावी लागायची, डॉक्टर. आता ऊन येतं आणि मला काही काम नसतं."

ते उठले. चहा न घेताच गेले. माझं बोलणं त्यांनी कसं घेतलं कुणास ठाऊक; नंतर आमच्या घरी कधी आले नाहीत.